बिनपायाचा चौरंग

सत्तरीला टेकल्यावर मी सुतारकाम शिकायला गेले. दोष माझ्या तोंडाचा.

आमच्या नातीचं, अश्विनीचं, हिंगोलीला जमलं. घर बघायला गेलो तेव्हा विहीणबाईंनी त्यांचा शिसवी चौरंग दाखवला. पितळी फुलं, कोरीव पाय, सगळं. मग गोड हसून म्हणाल्या, "साखरपुड्याला पोराला बसवायला तुमच्या सेनगावात असं काही मिळंल का, की आमीच घेऊन येऊ?"

"मिळायचं काय त्यात?" मी म्हणाले. "मी माझ्या हातानं करीन चौरंग."

आमच्या म्हाताऱ्यांच्या कपातला चहा बशीत आला. मी आयुष्यात भिंतीला खुंटीसुद्धा ठोकलेली नव्हती, आणि साखरपुडा दसऱ्याच्या सकाळी होता.

परतीच्या जीपमध्ये म्हातारे म्हणाले, "सुताराकडून करून घे अन् गप बस."

"ती बाई सुताराचं घर शोधून त्याला विचारून येईल. माझं नाक कापायला तिला सुरी लागत न्हाई."

सेनगावात बाजारामागच्या गोदामात तेव्हा नवीन मेकरस्पेस निघालं होतं. 'कोणीही या, काहीही बनवा' अशी पाटी. आत लाकूडकामाची यंत्रं होती, प्लास्टिकचे हत्ती तयार करणारं एक यंत्र होतं, आणि चार सभासद होते. चौघेही मोबाईल चार्ज करत होते. हे सगळं चालवणारे सर पुण्याचे. मी सभासद झाले म्हणून त्यांना इतका आनंद झाला की मला रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठाच दिला.

"आजी, आधी आपण तुमची गरज शोधू."

"सापडलेली हाय. चौरंग."

"नाही, चौरंग हे उत्तर झालं. गरज सांगा."

"बसायचंय."

"कुणाला?"

"जावयाला."

"छान. मग जावयाला काय वाटतं, ते या चिठ्ठीवर लिहा."

"त्याला काही वाटायला अजून लग्न तर होऊ द्या."

(ती चिठ्ठी सरांनी भिंतीला चिकटवली. अजून असेल तिथं.)

दुसऱ्या दिवशी सुरक्षेचा पाठ झाला. सैल कपडे घालून यंत्राजवळ जायचं नाही. मी पदर खोचला आणि लुगड्याचा कासोटा घट्ट मारला. सर बघत राहिले. नऊवारी सैल कपड्यात धरायची की पॅन्टमध्ये, हे त्यांच्या नियमांत नव्हतं. शेवटी त्यांनी मला वरून ॲप्रन आणि डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला. म्हातारे डबा घेऊन आले ते मला न ओळखता पुढे निघून गेले, आणि प्लास्टिकच्या हत्तींना नमस्कार करून परत आले.

पण काम जमायला लागलं. खोटं कशाला बोलू, करवत वाकडी जायची, फळ्या वाया जायच्या, सर प्रत्येक वाया गेलेल्या फळीला 'शिकणं' म्हणायचे. माझं शिकणं ढीगभर झालं, तेव्हा कुठे एक सागवानी फळी सरळ निघाली. घासून, पॉलिश करून अशी केली की तोंड दिसावं. आता राहिले चार पाय. ते फिरत्या यंत्रावर गोल करायचे. एका दिवसाचं काम, सर म्हणाले. साखरपुड्याला बरोबर एकच दिवस उरला होता.

त्या दिवशी सकाळी गेले तर यंत्रं उघडीबोडकी. ना हळद, ना कुंकू.

"सर, आज खंडेनवमी हाय. हत्यारं पुजली न्हाईत काहून?"

"आजी, आपल्याकडे तसं काही नसतं."

"तसं नसतं म्हणूनच तुमचा हत्ती तीन पायांचा निघून राहिला."

मी सगळ्यांना उठवलं. करवती, रंदे, हातोड्या, पटाशा, सगळं धुवून-पुसून चादरीवर ओळीनं मांडलं. हळदकुंकू वाहिलं. चौघा सभासदांना बजावलं, "पुजलेलं हत्यार उद्या सोनं लुटेपर्यंत उचलायचं न्हाई. हात लावंल त्याला पाप लागंल." सर तर खूशच झाले. त्यांना वरच्या ऑफिसला फोटो पाठवायचे होते. "आजी, नारळ यंत्राजवळ फोडा ना, फोटो छान येईल!"

फोटो छानच आला. नारळाचं पाणी यंत्राच्या बटणातून आत गेलं, आतून चर्र आवाज झाला, आणि गोदामातली सगळी वीज गेली. चौघा सभासदांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोबाईलवरून मान वर केली.

"काळजी नको," सर म्हणाले, "पाय हातानेच करू. घ्या ती करवत."

मी चादरीकडे बघितलं. माझे पाय व्हायचे राहिलेत, हे मला तेव्हा आठवलं.

"काढ की करवत," म्हातारे कानाशी म्हणाले. "देव काय बघून राहिला का?"

"देवाचं न्हाई हो. ते चौघं बघून राहिले."

गावातल्या सुताराकडे गेलो. त्यानंही हत्यारं पुजलेली. दोन विटांवर फळी ठेवावी, असं म्हाताऱ्यांनी सुचवलं. मग त्यांनी दिवसभर काही सुचवलं नाही.

दसऱ्याला पाहुणे आले. फळीभोवती मी रांगोळी काढली होती, एवढाच काय तो आधार. विहीणबाईंनी वाकून बघितलं.

"चौरंग कुठाय?"

"आमच्या घराण्यात जावयाला पहिल्यांदा पाटावरच बसवतेत," मी म्हणाले. "जुनी चाल हाय." इथं थांबायला हवं होतं. "अन् पाट घरातल्या थोरल्या बाईनं स्वतः केलेला लागतो. बाहेरचा चालत न्हाई."

म्हातारे आढ्याकडे बघायला लागले. विहीणबाईंनी फळीवरून हात फिरवला. मान डोलावली. त्यांचं समाधान झालेलं बघून माझा जीव भांड्यात पडला.

"चाल मोडू नये," त्या म्हणाल्या. "मग लग्नात आमच्याकडच्या मानाच्या सगळ्या जावयांना तुमच्या हातचे पाट पायजेत. धरा पंचवीसेक."

"व्हय तर," मी म्हणाले.

आमच्या घराण्याची ही जुनी चाल दसऱ्याच्या सकाळी सुरू झाली, आणि ती पाळणारी घराण्यात मी एकटीच आहे.