दरबाराला पाठ न दाखवता

गेल्या गुरुवारी दुपारी आत्यांना घेऊन तंजावूरच्या राजवाड्यातल्या दरबार चौकात गेले होते. ऊन असं, की चौकात आम्ही दोघी आणि कबुतरं... बाकी कोणी नाही.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. वय ऐंशीच्या पुढे, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच मराठी. मी साताऱ्याची, लग्न होऊन इथे आले. माझ्या बोलण्याला त्या 'टीव्हीतलं मराठी' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा रघू त्यांना कायमचं चेन्नईला नेणार होता. वर्षभरात त्या न्हाणीघरात दोनदा पडल्या, आता एकटं राहणं शक्य नव्हतं. बरेच दिवस नाही नाही म्हणून शेवटी एका अटीवर कबूल झाल्या... दरबाराचा निरोप घेऊन येईन, आणि तिथून कोणी थांबवलं तर जाणार नाही.

रघू हसला. "अम्मा, राजे जाऊन किती काळ झाला."

"तूही घर सोडून गेलास त्याला किती काळ झाला. तरी तुला विचारतेंच की मी."

हा चौक मी अनेकदा पाहिला आहे, पण भर दुपारी रिकामा कधीच नाही. नायक राजांनी वाडा बांधला, मग मराठे आले आणि त्यांनी त्यात भर घातली. एका अंगाला देवळाच्या गोपुरासारखा मनोरा, दुसरीकडे कमानींवर कमानी चढवलेली उंच माडी. तिच्या माथ्यावरून पार श्रीरंगमचं गोपूर दिसायचं म्हणतात... खरं-खोटं मला माहीत नाही.

समोर दरबार. जाडजूड खांब, रंगवलेल्या कमानी, मधे सिंहासनाची जागा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत गडद सावली. आतून कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असं सारखं वाटत होतं. बांधकामच तसं आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आत्यांच्या घरची एक रीत आहे. दरबारातून निघताना सिंहासनाच्या जागेला पाठ दाखवायची नाही, दरवाजापर्यंत मागे मागे चालत जायचं. चालणाऱ्याच्या मागे घरचं एक माणूस, पाठीवर तळवा ठेवून. इतकी वर्षं ते माणूस म्हणजे माझे सासरे, आत्यांचे थोरले भाऊ. ते आता नाहीत. त्या दिवशी ते काम माझं होतं.

आत्यांनी हात जोडले, पुटपुटल्या आणि मागे सरकू लागल्या. अर्धा चौक मी नीट चालले. मग माडीवर असा काही उजेड पडला की... एकच फोटो, म्हणून मी बाजूला झाले. फोन वर धरला. चांगला येईना म्हणून आणखी दोन पावलं लांब गेले.

वळून बघितलं तर आत्या दरवाजाजवळच्या उघड्या दगडी नालीच्या काठावर. एक टाच अधांतरी. आणि त्या तशाच थांबलेल्या... कुणीतरी थांबवल्यासारख्या.

मी धावले, दोन्ही हातांनी त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना नाली ओलांडायला मदत केली. दरवाजातून बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "बरं थोपटलंस गे. नाहीतर आज कंबरच गेली होती."

मी नुसतं "हं" म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांची खूण होती. दोनदा थोपटलं की थांब. एकदा थोपटलं की चल." हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

फोटो मोठा करून पाहिला. खालच्या कोपऱ्यात आत्या आल्या आहेत. त्यांच्या मागे कोणी नाही... नुसता तापलेला दगड. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या अंगालाच नाली कळली असेल. मी अजूनही तसंच मानायचा प्रयत्न करते.

रात्रभर एकच विचार. सांगितलं तर आत्या म्हणणार, दरबाराने थांबवलं, मी जात नाही. मग पुन्हा ते न्हाणीघर, पुन्हा ती माणसं नसलेल्या घरातली एकटी दुपार. नाही सांगितलं, तर त्यांनी घेतलेला निरोप माझ्या खोटेपणावर उभा. कुणाच्या भल्यासाठी गप्प राहणं कुठे संपतं आणि स्वतःची चूक झाकणं कुठे सुरू होतं, हे मला ठरवता येईना.

स्टेशनवर रघू सामान चढवत होता, तेव्हा बोलून टाकलं. "आत्या, काल पाठीवर हात माझा नव्हता. मी फोटो काढत होते."

"ठाऊक आहे. तू नुसतं 'हं' म्हणालीस, तेव्हांच कळलं."

"मग?"

"दोनदा थोपटलं, ते पडूं नये म्हणून. थांबवायला नव्हे." त्यांनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. "नाली ओलांडताना तू दोन्ही हातांनी माझं कोपर धरलं होतंस, होय ना?"

"हो."

"सरी, बरं तर. तेव्हा पाठीवर एकदा थोपटलं. तें कोणी?"

आत्या रघूचा हात धरून डब्यात चढल्या... माझ्याकडे तोंड करून, हळूहळू, मागे मागे. रघू आईच्या मागे उभा होता आणि त्याच्या दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या पाठीवर होता. त्याला हे कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.

आज कामासाठी पुन्हा त्या चौकातून जावं लागलं. निघताना मी दरबाराकडे तोंड करून मागे मागे चालत आले. माझ्यामागे कोणी नव्हतं, म्हणून फार जपून पाऊल टाकत होते... आणि नाली यायच्या आधीच मी थांबले. का थांबले ते मला सांगता येणार नाही. पण जो कोणी तिथे आहे, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते, ते मानून आले.