शेवटच्या डब्यापर्यंत

बडनेऱ्याच्या ठेसनावर गाडी लागली की गावाचं नाव पुकारायचं, हे देवीदासचं काम. भोंगाबिंगा तेव्हा कुठला! नुसता गळा. आणि गळा असा खणखणीत की काय सांगावं! पण खरं बोलायचं तर त्याचं पुकारणं कोणाला धड कळत नसे. शेजारी इंजिन फुसफुसतंय आणि हा गावाचं नाव असं ताणून म्हणणार की हाती नुसता सूर यावा. त्यात उभं राहायचं पहिल्या वर्गासमोर, ही जुन्या पुकारेवाल्यांनी घालून दिलेली रीत. मागच्या डब्यांतली माणसं माना काढून एकमेकांनाच विचारत, बडनेरा आलं का हो? देवीदासला त्याचं कधी काही वाटलं नाही.

त्याची आई पार्बताबाई अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकायची. तिचे डोळे गेले, तेव्हा त्यानं तिला कायमचं आपल्याकडे आणायचं ठरवलं. आणायला जायचं तर रजा मिळेना. थोरला भाऊ खुशालराव तिला गाडीत बसवून देणार होता. आंधळ्या माणसाला लोक भलतीकडेच उतरवतात, या धास्तीनं देवीदासनं आधीच्या भेटीत तिला बजावलं होतं, "माय, माही हाक आली का उतर. दुसऱ्या कोनाचं आयकू नको."

वैशाखाची दुपार होती. गाडी आली आणि देवीदास आपल्या रोजच्या जागी जाऊन उभा राहिला. मेली सवय, दुसरं काय! जीव तोडून पुकारलं त्यानं. मग उतरलेल्या गर्दीत आईला शोधत राहिला. डब्यात डोकावायचं काही त्याला सुचलं नाही.

शेवटच्या डब्यात बायका पार्बताबाईला सांगून थकल्या, आजी, बडनेरा आलं, उतरा. म्हातारी गाठोडं छातीशी धरून बसून राहिली. माहा लेक अजून बोलला नाई, म्हणाली. गाडी सुटली.

बायकांनी तिला चांदूर रेल्वेला बळंच उतरवलं. तिथंही ती फलाटावर उन्हातच बसली. सावलीत चला म्हटलं तरी हलेना. लेकाची हाक यायची होती ना! तारेनं निरोप आला आणि देवीदास मिळेल त्या गाडीनं धावला. तोवर तिला ऊन लागून ती निपचित पडली होती.

"माय," तो म्हणाला.

तिनं आवाज लगेच ओळखला. "आता बोलला व्हय? तिथं कावून नाई बोलला रे?"

"बोललो होतो, माय. लय जोरानं बोललो."

"नाई," ती म्हणाली. "तुहा आवाज मले समजत नाई का?"

त्यानं परत परत सांगितलं. तिला काही ते पटलं नाही, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

पुढं देवीदास शेवटच्या डब्यापासून सुरुवात करू लागला. वरचे रागावले, त्यानं ऐकलं नाही. प्रत्येक खिडकीशी थांबून साध्या आवाजात गावाचं नाव सांगायचा. म्हाताऱ्या बाया त्याला तोंड भरून आशीर्वाद देत उतरायच्या, आणि तेवढेच त्या बिचाऱ्याला ऐकवत नसत.