वाट्याला आलेली टर्बो

आमच्याकडे भावाभावांत वाटणी होते तेव्हा थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. थोरल्याला लबाडी करता येऊ नये म्हणून हा रिवाज आहे, असे जुनी माणसे सांगतात. मला विचाराल तर तो काढणारा कुणीतरी थोरलाच असला पाहिजे. धाकट्याने एकदा वाट्यावर बोट ठेवले की पुढे जन्मभर त्याला तक्रार करायला तोंड राहत नाही.

आम्ही दोघे भाऊ सांगलीत वडापच्या धंद्यात होतो. एसटी चुकलेली आणि एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसे जीपमध्ये कोंबायची आणि गावोगाव सोडायची, हा आमचा व्यवसाय. मी मिरजेच्या स्टँडबाहेर गिऱ्हाईक ओरडून गोळा करण्यापासून सुरुवात केली होती. नव्वदनंतर धंदा वाढला आणि घरातली भांडणेही वाढली. शेवटी दादाने वाटे पाडले. एका वाट्यात दोन जीपा. दुसऱ्यात मिरज रस्त्यावरची पत्र्याची शेड आणि एक जुनी परदेशी टर्बो डिझेल गाडी, जी आम्ही लग्नसराईत नवरदेवाला फिरवायला वापरत होतो. जीप झिजते, जागा झिजत नाही, असा विचार करून मी शेडच्या वाट्यावर बोट ठेवले. गाडी तिच्याबरोबर आली. दादाने बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसला. त्या फुंकरीचा राग मी नंतर बरीच वर्षे सांभाळला.

जीप नसल्यामुळे माझे वडाप बंद झाले. एका गाडीवर पोट भरायचे तर पक्के, लांबचे गिऱ्हाईक पाहिजे होते. ते मिळाले कवठे महांकाळकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या रूपाने. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांच्या दोन मुली पाचगणीला शाळेच्या वसतिगृहात होत्या, आणि आईबापांनी भेटायचे म्हणजे शाळेने नेमून दिलेल्या रविवारीच. जीपच्या धक्क्यांनी त्यांच्या मंडळींना मळमळायचे. त्यांना बसकी, मऊ गाडी हवी होती. एक खेप नीट झाली तर मुली शिकून बाहेर पडेपर्यंतचे काम माझे, असे त्यांनी कबूल केले.

ती पहिली खेप मी विसरणार नाही. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, सगळीकडे गाडी लोण्यासारखी गेली. वाई सोडून पसरणीचा घाट लागला आणि तिचा दम संपला. पाय पार खाली दाबला तरी ती चढेना. मागे काळ्या धुराचा पडदा. भरलेली एसटी आम्हाला मागे टाकून गेली आणि तिच्या दारातल्या कंडक्टरने जाता जाता विचारले, "पावणं, मागनं ढकलू का?" अण्णांच्या मंडळी पदर नाकाला लावून बसल्या होत्या. एका वळणावर पाणी घालायला थांबलो, पुढच्यावर नुसतेच थांबलो. पोचेपर्यंत भेटीची निम्मी वेळ सरली होती. धाकटी मुलगी फाटकाला कपाळ टेकून उभी होती.

अण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर मी भांडून बाजू सावरली असती. ते एवढेच म्हणाले, "पोरगी रडली आज. पुढच्या टायमाला तुमच्या भावाची जीप सांगतो."

भावाची जीप. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हणालो, पुढच्या भेटीपर्यंत मला वेळ द्या, घाटात एकदाही न थांबता नेतो, थांबलो तर तिथेच उतरा आणि मला तोंड दाखवू नका. ते हो म्हणाले, पण मन राखल्यासारखे.

सांगलीत गाडी कुणाला दाखवणे शक्य नव्हते. तिथला प्रत्येक मिस्त्री दादाचा चहा प्यालेला. म्हणून मी साताऱ्याला गेलो. तिथे औद्योगिक वसाहतीच्या कडेला पलटणीतून निवृत्त झालेल्या एका माणसाचे गॅरेज होते. आमच्या भागात फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, तसे यांनाही म्हणायचे. त्यांनी गाडी चालवून पाहिली, बॉनेट उघडले, मग मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून बराच वेळ उभे राहिले.

"इंजिन खणखणीत हाय," ते म्हणाले. "खातंय चांगलं. पर बाहेर टाकाय जागा न्हाई."

त्यांनी मला समजावले ते असे. टर्बो म्हणजे एक भिंगरी. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर तिला फिरवतो, आणि ती फिरली की इंजिनात जादा हवा कोंबते. धुराला पुढे मोकळी वाट नसेल तर भिंगरी मंदावते, हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते आणि गाडी काळे ओकत बसते. उपाय म्हणजे टर्बोच्या तोंडापासून शेपटापर्यंतचा सगळा पाइप बदलायचा. जास्त रुंद, गोल वळणाचा, नवा मोकळा सायलेन्सर, आणि मध्ये एक लवचिक जाळीचा तुकडा, इंजिनाच्या हादऱ्याने जोड तडकू नये म्हणून.

मग आमचा सौदा सुरू झाला. माझी पद्धत अशी की आधी कामाची तारीफ करायची, मग त्यात खोट काढायची, मग उठून दारापर्यंत जायचे. तो जाळीचा तुकडा मला फुकटचा खर्च वाटला. मी म्हणालो, तो वगळा. मेजर म्हणाले, वगळतो, मग चिरलेला टर्बो घेऊन परत या. मी दारापर्यंत गेलो. त्यांनी हाक मारली नाही. रेडिओचा आवाज वाढवला. मी परत आलो आणि म्हणालो, सामान सगळे घाला, पण मजुरी खाली आणा.

"आणतो की. चटई तिथं हाय. तुमी खोला, मी जोडतो."

तर अशी मी माझ्या सौद्याची किंमत गाडीखाली उताणा पडून मोजली. वर्षानुवर्षे तापून निवून नट गंजाने एकजीव झाले होते. मेजर सांगत होते, डिझेल सोडा, मुरू द्या, सकाळी फिरवा. मला मुरू देण्याइतका दम कुठला? अण्णा एव्हाना दादाकडे गेले असतील, हेच डोक्यात. मी पान्याला नळीचा तुकडा लावून झटका दिला आणि बोल्ट आतल्या आत मोडला. मेजर वाकून म्हणाले, "शाबास. आता दोन दिस त्येच काढू." ते दोन दिवस मी त्या गॅरेजच्या अंगणात घाण्याच्या बैलासारखा फिरलो. एकाच टपरीवर इतक्या वेळा चहा प्यालो की टपरीवाल्याने विचारले, पेशंट कुठल्या दवाखान्यात आहे.

मोडका बोल्ट निघाला, पाइप खाली आला आणि मेजरांनी मला हाक मारली. टर्बोच्या जरा पुढे पाइपच्या आत एक लोखंडी चकती वेल्डिंगने बसवलेली होती. मध्ये भोक, जेमतेम अंगठा जाईल एवढे. एवढ्या इंजिनाचा सगळा धूर त्या भोकातून जात होता.

"ही कंपनीची न्हवं," मेजर म्हणाले. "कुणीतरी तिकडं सांगलीकडं बसवलीया. आवाज दाबाय घालत्यात कवा कवा."

गाडीची कामे दादाच बघायचा. मी पुढचे ऐकलेच नाही. गाडी पोटाखालून उघडी, म्हणून मी ती चकती कापून घेतली, पिशवीत घातली आणि एसटी पकडली. कऱ्हाडपर्यंत उभा होतो. जागा मिळाली तरी बसलो नाही. दादाला काय काय बोलायचे ते मनात इतक्यांदा घोळवले की शेजारच्या म्हातारीने मला विचारले, बाबा, तब्येत बरी आहे ना.

दादा जेवत होता. मी पिशवी त्याच्या ताटाशेजारी उपडी केली. वहिनी भाकरी थापायची थांबली.

"ही कुणी बसवली?"

त्याने घास संपवला. "मीच. वरातीत लय आवाज करायची. बँडवाल्यांचा सूर ऐकू ईना, घोडी बिथरायची. तवा बसवली."

"आणि मला सांगितलं न्हाईस."

"तू इचारलंस कवा?"

मी म्हणालो, बैलबाजारात चोरसुद्धा बैलाची खोड सांगून दावे हातात देतो. मारका असेल तर मारका म्हणतो, बसका असेल तर बसका म्हणतो. तू सख्ख्या भावाला गळा आवळलेली गाडी दिलीस.

दादाने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला, आणि शांतपणे म्हणाला, "खोड इकताना सांगत्यात रं. म्या तुला गाडी इकली न्हाई. तू वाटा उचललास, त्योबी आदी."

ते 'आदी' मला आजही लागते. मी एवढेच विचारले की अण्णा आले होते का. आले होते, तो म्हणाला, रविवारसाठी जीप विचारून गेले. तू काय सांगितलेस, हे विचारायला माझी जीभ वळली नाही. वहिनी जेवायला बस म्हणाली. मी चकती उचलली आणि निघालो.

गाडी शनिवारी दुपारी तयार झाली. मेजरांनी किल्ली फिरवली आणि मी ताठ झालो. पूर्वीचा घुसमटलेला गुरगुराट गेला होता. खाली एक जाड, भरीव आवाज होता आणि पाय दाबला की त्याच्यावर बारीक शीळ चढत जायची. मेजर म्हणाले, शीळ आली म्हणजे भिंगरी फिरायला लागली. मी त्यांना ठरलेल्यापेक्षा कमी द्यायचा प्रयत्न केला, सवयीने. त्यांनी किल्ली परत खिशात घातली, तेव्हा पुरते दिले.

रविवारी उजाडायच्या सुमारास अण्णांच्या फाटकात उभा राहिलो. मला खात्री होती की तिथे जीप असेल. नव्हती. अण्णा मफलर गुंडाळत बाहेर आले, गाडीकडे संशयाने बघितले आणि मंडळींना म्हणाले, "बसा, बघू काय हुतंय." रस्ताभर माझी नजर आरशात होती. प्रत्येक जीप मला दादाची वाटत होती.

वाई मागे पडली. पहिल्या वळणाला मी श्वास धरला आणि पाय दाबला. शीळ चढली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अशी वर निघाली, जणू कुणी पुढून दोर लावून ओढत आहे. मागे धूर नाही. एका एसटीच्या मागे लागलो, हॉर्न दिला, आणि मोकळी जागा मिळताच तिला ओलांडून गेलो. कंडक्टर तोच होता की दुसरा, बघितले नाही, पण हात मात्र बाहेर काढून हलवला. हे सगळे ज्यांना दाखवायचे ते अण्णा मान टाकून घोरत होते. शेवटचे वळण संपल्यावर त्यांच्या मंडळींनी खिडकीतून बघत विचारले, "आवं, घाट कवा लागायचा?"

शाळेच्या फाटकाशी भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधीच पोचलो. अण्णा डोळे चोळत उतरले, इकडेतिकडे बघितले आणि हसले. काम तुमचेच, म्हणाले. मग सहज, जाता जाता, बोलून गेले, "बरं झालं तुमच्या भावानं जीप दिली न्हाई. काल सांगावा धाडला, घाटासाठी धाकट्याचीच गाडी चांगली, दुरुस्त करून आणलीया."

माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली. मी आठवडाभर अंगाला काळे फासून, बोल्ट मोडून, शब्द पाठ करून हे काम मिळवले होते, आणि त्यात दादाने हात घालून ठेवला होता. त्याला लढायचेच असते तर जीप पाठवून सरळ लढला असता. मी अण्णांना म्हणालो, मला असे दिलेले काम नको. पुढच्या भेटीला त्याची जीपही बोलवा, दोन्ही गाड्या वाईतून एकदम सोडा, जी आधी येईल तिला काम द्या.

अण्णा थांबले. "मला पोरींना भेटायचंय, गड्या. शर्यत न्हाई लावायची."

मंडळी डबा घेऊन पुढे निघाल्या होत्या. फाटकातून दोन्ही मुली धावत येत होत्या. मी गाडीखाली वाकून पाइपाचे जोड तपासले. सगळे घट्ट होते. पुन्हा तपासले.