माडीवरचं आप्पा

वडगावचा सिद्राम म्हंजे मागावरचा माणूस. तीस वर्सं साड्या विणल्या त्यानं. साडी उतरली की उलटी करून उजेडाला धरायचा, मगच घडी घालायचा. सुलट्या अंगानं सगळंच झ्याक दिसतंय, तुटका धागा घावतोय तो उलट्या अंगालाच, असं त्याचं म्हणणं. खरं मालकानं माग भंगारात काढलं आणि बावन्नाव्या वर्साला सिद्राम घरात बसला.

काम घावलं ते कुठं, तर दारूच्या दुकानात! दुकानाला घरपोच बाटल्या द्यायचा सरकारी कागद नवीनच मिळालता, सरकारनं बघू तर कसं चालतंय म्हणून दिलेला. सिद्रामनं जल्मात थेंब चाखलेला न्हाय. म्हणूनच दुकानदारानं त्याला घेतलं. म्हणाला, "वाटंत बाटली फुटली असं तरी सांगणार न्हाईस तू."

गल्लीत मग काय, गंमतच. "सिद्रामाण्णा, तीर्थ आणलंसा व्हय?" म्हणून पोरं हाका मारायची. त्याची बायको बायाक्का तर तोंडाची लई फटकळ. "सारी हयात बायकांची अंगं झाकलीसा," म्हणाली, "आता बाप्यांची ढोंगं उघडी करत फिरा!"

दुकानदारानं नेम घालून दिलता. कार्ड बघायचं, कार्डावरचं तोंड आणि दारातलं तोंड एकच हाय का ते बघायचं, एकवीस वर्सं भरली नसली तर बाटली माघारी आणायची. दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाय. "चुकलास तर माझा परवाना जाईल," म्हणाला, "खरं त्याच्या आधी तू जाशील."

सिद्राम नेमाचा पक्का. कॅम्पात एक म्हातारा फौजी हुता, तो भडकला. "अरं, मिशा पांढऱ्या झाल्यात माझ्या, आणि वय इचारतोस?"

"मिशा बघितल्या सायेब. आता कार्ड दावा."

कार्डं बघून बघून त्याला एक कळलं. ह्या मुलखातली निम्मी माणसं एक जूनलाच जल्मल्यात. शाळंत घालताना मास्तरनं टाकली ती तारीख. सिद्रामचीबी तीच.

एका बेस्तरवारी येळ्ळूरच्या वाटंवरल्या एका घरची मागणी आली. नाव नागोजी. शेतकऱ्याचं घर, वर माडी. दारात घरची बाई, जयाबाई, शेंगा फोडत बसलीती.

"आक्का, नागोजी हितंच ऱ्हात्यात?"

नाव ऐकल्याबरोबर जयाबाईनं पदर डोस्क्यावर वडला. म्हणाली, "व्हय, आप्पा माडीवर हाईत की." आणि मान वर करून हाक मारली, "आप्पा, तुमचं कायतरी आलंय बघा!"

वरनं कोण उतरलं न्हाय. खिडकीतनं दोरी बांधलेली वेताची बुट्टी खाली आली. बुट्टीत कार्ड. नागोजी, जल्म एक जून शेहेचाळीस. सिद्रामनं हिशेब घातला, ऐंशीच्या घरातला म्हातारा, गुडघं धरलं असतील, जिना कसा उतरंल? सुनंनं पदर घेतला, आवो-जावो केलं, मग आणि काय बघायचं? कागदात गुंडाळलेली बाटली त्यानं बुट्टीत ठेवली.

बुट्टी सरसर वर गेली. सिद्राम गाडीवर बसला खरा, खरं मनात सल ऱ्हायला. म्हाताऱ्याच्या हाताला एवढी वढ?

फुडल्या बेस्तरवारी परत त्याच घरची मागणी. परत बुट्टी खाली आली. सिद्राम म्हणाला, "आज तोंड बघितल्याबिगर देणार न्हाय आक्का. मीच जातो माडीवर."

"जावा की. उन्हातनं आलायसा, आधी पाणी तरी प्या," म्हणून जयाबाईनं त्याला सोप्यात घेतलं.

सोप्यात भित्तीला हार घातलेला फोटू. कार्डावरलंच तोंड.

तांब्या सिद्रामच्या हातातच ऱ्हायला. "हे कोण वो आक्का?"

"आमचं मामंजी. दोन वर्सं झाली जाऊन."

"मग माडीवरचं आप्पा?"

जयाबाई हसली. "आमचा ल्योक वो! मामंजींनी हयातीतच हट्टानं आपलं नाव ठेवलंय त्याला. मग मी तोंडानं नाव कसं घेऊ? अरं-तुरं तरी कसं करू? आप्पाच म्हणते, जेवा म्हणते, उठा म्हणते."

"कितवीला हाईत आप्पा?"

"बारावीला. पुस्तकं मागवत्यात. तुमीच आणून देतायसा न्हवं?"

सिद्राम खाली बसला. पिशवीतली बाटली माघारी न्हेली असती तर कुणाला काय कळणार हुतं? मागली बाटली प्यालेला तोंड उघडणार न्हाय, आणि मेलेला माणूस साक्षीला येणार न्हाय. पोट भरत हुतं, चाललं असतं. खरं समोर ती बाई शेंगा हातात घिऊन पुस्तकाचं बोलत हुती.

त्यानं बाटलीवरचा कागद सोडला आणि बाटली जयाबाईफुडं ठेवली. "आक्का, पुस्तक न्हवं. हे हाय. मागल्या बेस्तरवारीबी हेच दिलं, ह्याच हातानं. तोंड बघितलं न्हाय मी. आप्पा म्हटलासा, मला म्हातारंच वाटलं."

जयाबाईनं बाटलीकडं बघितलं. फोटूकडं बघितलं. पदर डोस्क्यावरनं घसरला, तिनं वर घेतला न्हाय. जिन्यापाशी गेली, आणि लगीन हून आल्यापास्नं जे नाव तोंडातनं काढलं न्हवतं ते घर हादरंल असं काढलं.

"नागोजी! खाली ये रं!"

वर धपकन कायतरी पडलं. मग पोरगं उतरलं. मिसरूड फुटाय लागलेलं, तोंड पांढरंफटक. जयाबाईचा हात आपोआप स्वताच्या तोंडावर गेला, नाव घेतल्याचा. खरं दुसऱ्या हातानं तिनं पोराचं मनगट धरलं ते सोडलं न्हाय.

सिद्राम बाटली घिऊन सरळ दुकानात गेला आणि सगळं सांगितलं. दुकानदारानं कपाळाला हात लावला. "सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं की."

"मग आता मलाबी कळलं. ठेव पिशवी."

पिशवी आणि दुकानाची गाडी ठेवून सिद्राम चालत घरला आला. बायाक्का भाकरी थापत हुती. आता ही तोंडाचा पट्टा सोडणार म्हणून त्यानं भीत भीत सांगितलं, फोटूपास्नं पिशवीपातूर. बायाक्काचा हात परातीत तसाच थांबला. नोकरीचं तिनं इचारलंच न्हाय.

"त्या बाईनं मामंजींचं नाव घेतलं?"

"घेतलं."

"मोठ्यांदा?"

"गल्लीला ऐकू जाईल असं."

बायाक्कानं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "तिनं पोरापायी एवढी रीत सोडली. मग तुमची पिशवी गेली तर जाऊ दे. हात धुवा, बसा जेवाय."