जिन्याखालची बुरशी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो तीस वर्षं सहायक होता. कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या, पेल्याच्या आकाराच्या बारीक बुरशा ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पेला कसला, मोहरीचा दाणा. पोरं त्याला मागून ‘भिंगोबा’ म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आवडायचंही.

एकदा धाकटी बहीण डबीत लाकडाची ढलपी घेऊन आली. घरामागच्या लाकडी जिन्याच्या पायरीखाली तपकिरी ठिपके आले होते.

“दादा, विषारी नाही ना रे? नातवंडं तिथंच खेळतात.”

त्याने ब्लेडने पेल्याचा पातळ काप काढला, आयोडीनचा थेंब सोडला. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंच्या पिशव्यांची टोकं निळी झाली. दोन दिवस पुस्तकं चाळल्यावर नाव सापडलं आणि स्वारी हरखून गेली. त्याने लगेच फोन लावला.

“अगं, फार क्वचित सापडते ही. विषारी वगैरे काही नाही. हात मात्र लावू नकोस, मी येऊन फोटो काढतो.”

“सुताराला बोलावणार होते.”

“थांबव की आठवडाभर.”

तिने थांबवलं. त्याला मात्र कॉलेजच्या परीक्षांमुळे जायला जमलं नाही. नवव्या दिवशी ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती वर चढत असताना पायरी मोडली. डोकं फरशीवर आपटलं. दवाखान्यात चार दिवस होती, पण शुद्धीवर आलीच नाही.

सगळं उरकल्यावर मेहुण्यांनी त्याला समोर बसवलं.

“त्या बुरशीने जिना खाल्ला का?”

खोटं बोलणं त्याला सहज जमलं असतं. “एकटीने नाही,” तो म्हणाला. “लाकूड बरेच दिवस ओलं राहून कुजायला लागलं, की मग ती उगवते.”

“म्हणजे जिना कुजलाय हे तुम्हाला कळलं होतं?”

“कळायला हवं होतं. ढलपी बोटाने चुरत होती. मी पेलेच बघत बसलो.”

मेहुणे उठले, त्याच्या चपला दाराबाहेर ठेवल्या आणि तो बाहेर पडेपर्यंत दार धरून उभे राहिले.

त्याने मुदतीआधीच नोकरी सोडली. अजूनही कुणी ना कुणी डबी घेऊन घरी येतं. झाकण उघडण्याआधी तो विचारतो, “हे लाकूड कुठलं? त्यावर कुणी पाय ठेवतं का?” उत्तर नीट मिळालं नाही, तर डबी बाजूला सारून तो स्वतः लाकूड बघायला जातो. बहिणीच्या घरी मात्र त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.