पायपरचा लोकरी घागरा

मे महिन्यातल्या भर दुपारी चर्चच्या अंगणात लोक सावली शोधत भिंतीला चिकटलेले असायचे, तेव्हा पायपर मात्र उन्हात उभा असायचा. कमरेला आठ वार लोकरीचा चौकड्यांचा स्कॉटिश किल्ट, पायांत गुडघ्यापर्यंत जाड मोजे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि बगलेत बॅगपाइपची फुगलेली पिशवी. नवरानवरी बाहेर येईपर्यंत तो बसायचा नाही, पाणी प्यायचा नाही, रुमालाला हात लावायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घाम पुसला की त्याला वाटतं आपल्याकडं कोनतरी बघतंय. मग तो जास्त येतो."

मी त्याच्यापासून वीस पावलांवर, स्वतः बेतलेल्या सुटात निथळत उभा असायचो. आणि त्याच्यावर जळत असायचो.

माझं दुकान माणिकपूरला. नव्वद सालानंतर वसईत लग्नाचे सूट शिवून घेण्याची हौस वाढली आणि कोकणातून आलेल्या माझ्यासारख्या शिंप्याचं बस्तान बसलं. नवऱ्याचा थ्री-पीस, धेड्यांचे, म्हणजे नवऱ्याच्या पाठराख्यांचे, सूट, कधीकधी नवरीच्या बापाचाही. गिऱ्हाइकं आग्रहाने लग्नाला बोलवायची आणि मीही जायचो. खरं सांगायचं तर जेवायला नव्हे, कुणीतरी कोटाच्या खांद्यावरून नजर फिरवून "कुठे शिवला हो?" असं विचारावं म्हणून. पण पायपर आला की कोटाकडे बघतंय कोण! म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून त्याचे गुडघे बघायच्या.

तो किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला. फौजेच्या बँडमध्ये वीस वर्षं पाइप वाजवून परतलेला. तिथल्या बँडमास्तरने, ज्याला तो उस्ताद म्हणायचा, निरोप देताना स्वतःचा जुना किल्ट त्याला दिला होता. गावात पहिल्यांदा तो घालून निघाला तेव्हा पोरांनी "घागरा, घागरा" म्हणत मिरवणूक काढली. हा थांबला आणि म्हणाला, "घागराच हाय. बघा नीट. आठ वार हाय, तुमच्या आयशीकडं एवढा नसंल." पोरं पांगली आणि तेव्हापासून आजूबाजूच्या चार गावांत त्याच्याशिवाय लग्न लागेनासं झालं.

एकदा एका लग्नात मी सहा सूट शिवले होते. सहाही असे बसले होते की मलाच माझी दृष्ट लागावी. घरी येताना रिक्षात माझी बायको सुनंदा म्हणाली, "तुमच्या सुटात सगळे सारखे दिसतात हो. तो पायपर बघा, लांबून ओळखू येतो." मी रिक्षावाल्यावर उगाच ओरडलो.

अशात एका एप्रिलमध्ये पायपर माझ्या दुकानाची पायरी चढला. त्याची एकुलती एक मुलगी सेलिना हिचं लग्न ठरलं होतं. नवऱ्याचे आणि धेड्यांचे सूट माझ्याकडेच होते. पायपरने कागदात गुंडाळलेला किल्ट काउंटरवर ठेवला. "मास्तर, चामड्याचा पट्टा तुटलाय, अस्तर इरलंय. शनिवारपर्यंत कर. रविवारी पोरीचं लगीन हाय."

तो गेल्यावर मी दार ओढून घेतलं आणि किल्ट टेबलावर पसरला. चुण्या मोजल्या. दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. प्रत्येक चुणी अशी दुमडली होती की आतलं अर्धं कापड गिळूनही बाहेर चौकडी अखंड दिसत होती. कोणत्या हातांनी शिवला होता देव जाणे. माझ्या तीस वर्षांच्या कात्रीला ते जमलं नसतं, हे मला तिथेच कळलं. गुरुवारी काम उरकलं. नवा पट्टा, नवं अस्तर. किल्ट घडी करून मी फळीवर ठेवला.

शनिवारी संध्याकाळी पायपर आला आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही झालं. पट्ट्याचं चामडं मिळालं नाही."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. पण ते तोंडून गेल्यावर मागेही घेतलं नाही. उद्याचे सूट माझे होते. एक दिवस, फक्त एक दिवस, लोकांनी माझं काम बघावं असं मला वाटलं.

पायपरची नजर दुकानभर फिरली. मग म्हणाला, "बरं. तुझा तो काचेतला सूट कोनाचा हाय?"

शोकेसमध्ये नमुन्याचा राखाडी सूट होता. तो त्याला जवळजवळ बसला. पँट एक इंच सोडावी लागली, ती मी गुडघ्यावर बसून सोडली. वर बघायची हिंमत झाली नाही.

रविवारी पायपर मुलीचा हात धरून चर्चमध्ये शिरला आणि लोक वळून बघायला लागले. माझा सूट तसा कुणाच्याच अंगावर बसला नव्हता. फौजेतली ताठ पाठ, आणि त्यावर ते राखाडी कापड सरळ ओघळलेलं. अंगणात तीन माणसांनी मला विचारलं, "मास्तर, पायपरचा सूट तुम्हीच शिवला ना?" पुढच्या महिन्यात चार ऑर्डरी नुसत्या त्या सुटावर आल्या. इतकी वर्षं ज्यासाठी झुरलो ते मिळालं, तेही त्याच्याच खांद्यावरून. माझा सूटही त्यानेच मिरवला! मी आणखीच जळलो.

त्याच दिवशी अंगणात सेलिना माझ्याकडे आली. नवरीचा जाळीदार वेल मागे टाकलेला, डोळे लाल. "काका, बाबा वाजवत नाहीत. म्हणतात, वर्दीशिवाय पाइपला हात लावनार नाय, उस्तादला शब्द दिलाय. मी लहानपणापासून त्यांना सांगून ठेवलं होतं, माझ्या लग्नात तुम्हीच वाजवायचं. थोडं आधी झालं नसतं का हो काम?"

किल्ट माझ्या दुकानात, फळीवर, घडी करून ठेवलेला होता. मी म्हणालो, "नाही ना झालं, बाय."

सोमवारी सकाळीच मी कोळीवाड्यात गेलो. पायपर ओट्यावर बसला होता. मी किल्ट पुढे केला. "झाला," म्हणालो.

"आधीच झाला व्हता ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"फळीवर दिसत व्हता. नवा पट्टा चमकत व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू दिला असता. मग मी घातला असता, आनि तू खाली मान घालून चर्चमधी बसला असता. माझ्या पोरीच्या लग्नात कोन खाली मान घालून बसायला नको."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. एवढं मोठं मन पुन्हा त्याच्याकडेच निघावं, याचाही मला राग आला. तरी धीर करून मी म्हणालो, "सेलिना नवऱ्याबरोबर मस्कतला कधी जाते?"

"बुधवारी. अकराला गाडी येनार."

बुधवारी मी साडेदहाला हजर झालो. पट्टा मीच आवळला, चुण्या मीच बसवल्या. बरोबर अकराला, ऊन डोक्यावर आलेलं असताना, पायपर अंगणात उभा राहिला आणि वाजवू लागला. सेलिनाने गाडीच्या दाराला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला. सुरमई वाळत घालणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कुणीही त्या पट्ट्याकडे किंवा माझ्याकडे बघितलं नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण डोळे भरलेले असतानाही माझ्या छातीत ती जुनी कळ उठलीच.

त्यानंतर सातआठ वर्षं तो लग्नांत वाजवत होता आणि मी वीस पावलांवर उभा राहत होतो. पुढे त्याचा दम खचला. डॉक्टरांनी पाइप बंद करायला सांगितला. शेवटच्या दिवसांत भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर, साध्या सदऱ्यात, उशीला टेकून बसला होता. अर्धा झाला होता. बोलता बोलता मी म्हणून टाकलं, "पायपर, त्या वेळचं माफ करा. मला तुमचा फार हेवा वाटायचा."

त्याने दम गोळा केला. मग विचारलं, "वाटायचा? आता नाय वाटत?"

मी त्याच्या वाळलेल्या हातांकडे बघितलं. त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. पण गरज पडली नाही.

"वाटतो," मी म्हणालो.

पायपर हसला. खोकला येईपर्यंत हसला. "बस मग जरा," तो म्हणाला. "लई दिवसांत कोन असं चांगलं बोललं नव्हतं."