खटकतंय

अंगठा फिरवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "खटकतंय." एवढं झालं की हातातला जॉब नापासांच्या लाल ट्रेमध्ये गेलाच म्हणून समजा. मग सुपरवायझरने डोकं आपटलं तरी तो परत हिरव्या ट्रेमध्ये यायचा नाही.

चाकणच्या आमच्या शेडमध्ये एका सरकारी कारखान्याच्या पिस्तुलासाठी बारीकसारीक भाग बनतात. त्यातला सेफ्टीचा खटका, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून अंगठ्याने वरखाली करायचा तुकडा, शेवटी तपासायच्या त्या आमच्या ताई. मी डिस्पॅचला. माल वेळेवर गाडीत चढवणं हे माझं काम आणि तो अडवून धरणं हे त्यांचं, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. खटक्यावरून आमचे खटके रोज उडायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हॉटेलात गेली की आधी पेल्याची कड चाचपतात, मग पाणी पितात. मी पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला तेव्हा ताई कासारवाडीहून पेढे घेऊन आल्या. "जय भीम, वहिनी," म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरल्या. ओट्याच्या कडेवरून अंगठा फिरला, डोळे मिटले.

"खटकतंय."

बायको माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. पण मिस्त्री बोलावून तिने ती कड घासून घेतली, आणि ताई पुन्हा आल्या तेव्हा त्यांचा हात धरून स्वतःच तिथे टेकवला.

बफिंगचा नवा माणूस एकदा ताईंना खूश करायला निघाला. खटके त्याने इतके चमकवले, की कडा गोल झाल्या आणि खटका जागेवर डुगडुगायला लागला. ताईंनी त्यात तोंड पाहिलं, केस सारखे केले आणि लाल ट्रे पुढे ओढला. "लग्नाला जायचंय व्हय ह्याला?"

मग तो लॉट आला. खटक्यांवर चढवलेला काळा रंग नीट बसला नव्हता. आतल्या बाजूला तपकिरी डाग, एका कडेला जरासा उंचवटा. खटका चालत मात्र चोख होता आणि कारखान्यानेही चालेल म्हणून कळवलं होतं. हे ताईही नाकारत नव्हत्या. पण तपासलेल्या प्रत्येक ट्रेच्या चिठ्ठीवर त्यांचा पितळी शिक्का उमटायचा, आणि तो त्या मारेनात.

शेठ स्वतः टेबलापाशी आले. "ताई, आतली बाजू आहे. दिसणार कोणाला?"

"मला दिसली ना."

"अहो, गिऱ्हाइकाला चालतंय!"

"मग गिऱ्हाइकाचा शिक्का मारा."

"शिक्का मारा, नाहीतर उद्यापासून पॅकिंगला बसा."

"बसते की!"

आणि खरंच बसल्या. लॉट तसाच पडून राहिला आणि ताई दुसरा माल तेलकट कागदात गुंडाळू लागल्या. हात गुंडाळायचे, पण अंगठा काही थांबेना. शेडभर ऐकू जाईल असं "खटकतंय" मधूनमधून सुरूच. लेथवाले हसायचे, शेठ केबिनचं दार लावून घ्यायचे. मला त्या बाईचा अभिमान वाटायला लागला होता, आणि माझी गाडी रिकामी उभी असून वाटत होता.

शेवटी शेठ म्हणाले, "शिक्का द्या इकडे. दुसरं कोणीतरी मारेल."

त्या शिक्क्यावर दोन अक्षरं होती. एक ताईंच्या नावाचं, आणि त्याआधी त्यांच्या वडिलांच्या. वडील पिंपरीच्या एका कंपनीत जन्मभर हेल्पर होते. हजारो वस्तू त्यांच्या हातून गेल्या, नाव एकीवरही नव्हतं. म्हणून ताईंनी ते अक्षर मागून, भांडून कोरून घेतलं होतं.

ताई उठल्या. केबिनकडे न जाता बेल्ट ग्राइंडरपाशी गेल्या, बटण दाबलं आणि शिक्क्याचं तोंड फिरत्या खरखरीत पट्ट्यावर टेकवलं. पिवळा भुगा उडाला. सगळी शेड बघत राहिली, पण मशीन बंद करायला कोणी पुढे झालं नाही. मीही नाही झालो. मग तो गरम तुकडा त्यांनी शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"घ्या शेठ. पितळ तुमचं हाय, ते तुमाला. नाव माझ्या बापाचं, ते मी घेऊन चालले."

पिशवी खांद्याला लावून ताई भर शिफ्टमध्ये गेटबाहेर पडल्या. बोलावणी गेली, पण त्या परत आल्या नाहीत.

लॉट शेठच्या सहीने गेला. तपासणीच्या टेबलावर आता दुसरी बाई बसते, तिचा शिक्का रबरी आहे. तो पितळी तुकडा शेठनी माझ्या हातात देऊन सांगितलं, "भंगारात टाका." मी टाकलेला नाही. माझ्या टेबलावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा उभा ठेवलाय. शेठ रोज तिथून जातात. रोज बघतात. अजून तरी त्यांनी काही विचारलेलं नाही.